मेंढीच्या लोकरीला भाव कुठाय?



ज्वारी निघाली की सिन्नर-नांदगावकडच्या रानात मेंढपाळांचे वाडे उतरतात. खतासाठी मेंढ्या बसवायच्या तर आपण धान्य नाहीतर पैसे मोजतो. पण लोकरीचे काय? वर्षातून २ वेळा कातरणी होते आणि तिची मजुरीसुद्धा लोकरीतून सुटत नाही. कित्येक जण ती बांधावरच टाकून देतात. कापसाला, ज्वारीला हमीभाव कागदावर तरी आहे. लोकरीला तोही नाही.

आणि नाशिकच्या बाजारात विणायला 'लोकर' मागितली की हाती पडते ते बहुधा अॅक्रिलिक, खनिज तेलापासून काढलेला धागा! खरी लोकर ओलसर झाली तरी ऊब धरते. ठिणगी पडली तर करपते, भडकत नाही. अॅक्रिलिक वितळून कातडीला चिकटते. चुलीपुढच्या बाईला हा फरक सांगायला नको.

खोटे कशाला बोला, आमच्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, स्वेटरला टोचते. ती घोंगडीची. सनगराने मागावर विणून चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी पावसाची भुरभुर अंगाला लागू देत नाही. कोकराची पहिली कातर, म्हणजे जावळ, मात्र मऊ असते आणि तिच्या घोंगडीला जास्त पैसे पडतात.

पुढच्या बैठकीला आपल्या शिवारातल्या मेंढपाळांना सोबत आणा. जावळ वेगळी ठेवली तर विणणारा काय देतो, ते त्यांच्याच तोंडून ऐकू.