खर्डा : १७९५ आणि २०१४

१/ खर्डा म्हटले की आपल्याला ११ मार्च १७९५ आठवतो. निजामावर मराठ्यांनी मिळवलेला विजय आठवतो. जामखेड तालुक्यातील याच खर्ड्यात २८ एप्रिल २०१४ रोजी सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. वरच्या समजल्या जाणाऱ्या जातीतील मुलीशी तो बोलतो, हा त्याच्यावरचा संशय. ही तारीख आपल्या इतिहासप्रेमात का बसत नाही?

२/ ‘जात कायद्याने संपली, उरली ती निव्वळ गुन्हेगारी’ हा युक्तिवाद फसवा आहे. राज्यघटनेच्या कलम १७ ने १९५० सालीच अस्पृश्यता नष्ट केली. तरीही खर्ड्याच्या खटल्यात साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्व आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदाराला निकालानंतरही त्याच गावात राहायचे असते.

३/ दक्षिण आफ्रिकेने १९९१ मध्ये वर्णभेदाचे प्रमुख कायदे रद्द केले, तरी वस्त्यांची विभागणी टिकली. तेथील गुन्हेगारी आणि गोऱ्यांचे देशांतर यांवर जगभर चर्चा होते. आपल्याकडे गाव सोडणाऱ्या दलितांची नोंद मात्र ‘पोटापाण्यासाठी गेले’ एवढीच.

४/ पोट हे एक कारण आहेच. पण एकमेव नव्हे. १९४२ च्या नागपूर परिषदेत बाबासाहेबांच्या उपस्थितीत दलितांसाठी स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली, ती गावच्या जाचातून सुटण्यासाठी.

५/ म्हणून खर्ड्याचा इतिहास सांगणाऱ्याने किल्ल्यापाशी थांबू नये. २०१७ चा निकालही वाचावा.