गार हवेचा गरम सौदा

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास पुनावळ्यातल्या कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारून बघा. एखाद्या तरी गाडीचं बॉनेट उघडं असतं आणि भोवती बर्मुडा घातलेली तीन-चार पोरं माना खाली घालून उभी असतात. सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत कोडमधले बग शोधायचे आणि वीकएण्डला गाडीत हॉर्सपॉवर शोधायची, हा इथला फंडा! त्यात नवल काही नाही म्हणा. भोसरी, आकुर्डी, चाकणच्या पट्ट्यात राहिल्यावर गाड्यांचं वेड पाण्यातूनच येतं.

सध्याचं खूळ आहे 'कोल्ड एअर इनटेक'. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा पाइप, त्याच्या टोकाला लाल रंगाचा शंकूसारखा फिल्टर. कंपनीचा काळा प्लॅस्टिकचा डबा काढून टाकायचा आणि हे बसवायचं. बॉनेट उघडलं की एकदम रेसिंगवाला लूक! अ‍ॅक्सिलरेटर दाबला की 'घुर्रर्र' असा आवाज. मागच्या महिन्यात माझा कॉलेजपासूनचा मित्र या प्रकारापायी पार वेडा झाला होता. गाडी २०१४ ची पेट्रोल स्विफ्ट, इंजिन १.२ लिटरचं, ताकद साधारण ८४ बीएचपी. फ्लॅटचा हप्ता चालू असल्यामुळे नवी गाडी दोन-तीन वर्षं तरी नाही. मग 'हिलाच जरा दम देऊया' असं ठरलं. गॅरेजवाल्यानं फिटिंगसकट बावीस हजार सांगितले आणि 'सर, दहा-बारा बीएचपी कुठे गेले नाहीत' असंही वर सांगितलं. वहिनींचं म्हणणं साधं होतं. 'त्या पैशात बाल्कनीला कबुतरांची जाळी बसेल.'

तर मंडळी, प्रश्न बावीस हजारांचा आहे. आधी शास्त्र काय म्हणतं ते बघू. टेन्शन नको, बारावीच्या फिजिक्सच्या पुढे जात नाही.

इंजिन म्हणजे हवेचा पंप. पेट्रोल पूर्ण जळायला वजनानं सुमारे पावणेपंधरा पट हवा लागते. १.२ लिटरचं इंजिन ६००० आरपीएमला सेकंदाला साधारण पन्नास लिटर हवा ओढतं. म्हणजे ऑफिसातल्या वॉटर कूलरवरचे अडीच जार, दर सेकंदाला! हवा गार असली की ती दाट असते, तेवढ्याच जागेत जास्त ऑक्सिजन मावतो, जास्त पेट्रोल जाळता येतं. आत जाणारी हवा दहा अंशांनी गार केली तर ती तीनेक टक्क्यांनी दाट होते. म्हणजे ८४ बीएचपीवर अगदी सगळं मनासारखं जुळून आलं तरी अडीच. दहा-बारा नव्हे. अडीच.

याच हिशोबात एक गंमत दडलेली आहे. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे. इथली हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ. त्यामुळे 'घाट उतरून पनवेलला आलो की गाडी जास्त पळते' असं जे लोक म्हणतात, ते अगदीच मनाचे खेळ नाहीत. बावीस हजारांच्या पाइपापेक्षा खोपोलीपर्यंत खाली उतरणं इंजिनाला जास्त मानवतं! टर्बोवाल्यांना हा विरळपणा फारसा जाणवत नाही, कारण टर्बो हवा दाबून भरतो आणि मधला इंटरकूलर ती गार करतो. पोलोचं टीएसआय इंजिन आठवतंय? चाकणला तयार होणारी ती गाडी २०२२ मध्ये बंद झाली, पण आमच्या पार्किंगमध्ये अजून तीन आहेत आणि त्यांचे मालक हा मुद्दा दिवसातून दोनदा ऐकवतात.

मित्राला हे आकडे पटले नाहीत. मग आम्ही आमच्याच विंगमधल्या एका काकांना खाली बोलावलं. काका चाकणच्या एका कंपनीत इंजिनाच्या सुट्या भागांच्या डिझाइनवर पंचवीस वर्षं काम करतायत. ते चहाचा कप हातात घेऊनच आले.

'काय रे, काय काढून टाकतोयस?'

'काका, हा एअर बॉक्स. कंपनी स्वस्तातलं प्लॅस्टिक लावते ना...'

काकांनी कप रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर ठेवला आणि एअर बॉक्समधून निघालेल्या नळीवरून बोट फिरवत पुढे आणलं. नळीचं तोंड पार पुढे, जाळीच्या मागे, रेडिएटरच्या वर. 'इथली हवा कुठली? बाहेरची. म्हणजे तुझ्या गाडीला कोल्ड एअर इनटेक कंपनीनंच दिलाय. तू तो काढून हा उघडा शंकू इंजिनाशेजारी लावणार. त्याला काय म्हणायचं?'

'...हॉट एअर इनटेक?'

'तूच म्हणालास हं.'

मला वाटतं, अर्धी लढाई इथेच संपली. बाजारात ज्याला सर्रास 'कोल्ड एअर' म्हणून विकतात, ते बहुतेक वेळा इंजिनाच्या भट्टीत ठेवलेलं उघडं फिल्टर असतं. खरा कोल्ड एअर इनटेक म्हणजे एक तर ज्यात फिल्टरभोवती बंद पेटी असते आणि तिला बाहेरून वेगळी नळी येते तो, नाही तर ज्यात फिल्टर खाली बंपरच्या आत उतरवलेला असतो तो. आणि त्या काळ्या डब्याचं दुसरं काम आवाज मारणं हेही असतं. त्यातल्या पोकळ्या हिशोबानं बेतलेल्या असतात. तो काढला की जी 'घुर्रर्र' ऐकू येते ती नव्या ताकदीची नव्हे, ती आधीपासूनच होती. पण कान मेंदूला सांगतात, गाडी पळायला लागली!

हे तपासायचा सोपा उपाय तुमच्या-माझ्यासारख्यांकडे आहे. स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला लावायचं ब्लूटूथचं डबडं हजाराच्या आत मिळतं. मोबाइलवर 'इनटेक एअर टेम्परेचर' दिसतं. आम्ही मित्राच्या गाडीत ते लावून पुनावळे ते रावेत आणि पुढे किवळ्यापासून एक्सप्रेस वेवर थोडं पुढे असा फेरा मारला. बाहेर ३४ अंश. भुयारी मार्गाच्या तोंडाशी ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा आकडा पन्नाशीच्या वर. एक्सप्रेस वेला लागल्यावर पाच मिनिटांत ४० च्या खाली. म्हणजे कंपनीच्या डब्यानंसुद्धा चालत्या गाडीत बाहेरच्या हवेपेक्षा पाचेक अंशच जास्त. आता यातून अजून गार करणार तरी किती? आणि ट्रॅफिकमध्ये ताकद हवीच कोणाला आहे, तिथे तर पहिल्या गिअरचाही पूर्ण उपयोग होत नाही.

आता जरा गंभीर गोष्ट. पुनावळ्यात इनटेक निवडताना बीएचपीच्या आधी दोन गोष्टी बघाव्या लागतात. धूळ आणि पाणी.

धूळ तुम्हाला सांगायला नको. चारही बाजूंना टॉवर उठतायत, दिवसभर डंपर आणि सिमेंटचे मिक्सर फिरतात, बाल्कनीतली टेबलं सकाळी पुसली तर संध्याकाळी त्यावर नाव लिहिता येतं. ही साधी माती नाही, यात वाळूची, खडीची भुकटी असते. ती सिलिंडरच्या भिंतीला सँडपेपरसारखी घासते. फिल्टरचं पहिलं काम ही धूळ अडवणं, ताकद वाढवणं हे नाहीच. कंपनीचा कागदी फिल्टर हे काम फार चोख करतो. तेल लावलेले सुती फिल्टर हवा थोडी मोकळी सोडतात, धुऊन पुन्हा वापरता येतात, पण बारीक धूळ अडवण्यात ते सहसा कागदाच्या मागेच राहतात. १९६९ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली 'के अँड एन' यातली सगळ्यात प्रसिद्ध कंपनी. माल चांगला आहे. पण त्याच लाल रंगाचे, त्याच आकाराचे बिननावाचे शंकू दीड-दोन हजारात मिळतात, त्यांच्यापासून चार हात लांब राहा. कुठल्या चाचणीत काय निकाल आला हे पॅकेटवर नसेल, तर तो फिल्टर नसून गाळणी आहे असं समजायचं. फिल्टरच्या चाचणीसाठी 'आयएसओ ५०११' नावाचं मानक आहे, विक्रेत्याला तेवढं एक विचारून बघा. चेहराच सांगेल.

पाण्याचं दुखणं याहून महाग. बायपासखालच्या आपल्या भुयारी मार्गात जोराच्या पावसात पाणी साचतं, हे इथं राहणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. पुनावळे काय, ताथवडे काय, तीच गत. फिल्टर बंपरच्या आत खाली उतरवलेला असेल तर चाक निम्मं बुडायच्या आतच इंजिन हवेऐवजी पाणी ओढू शकतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाणी हटत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. यालाच हायड्रोलॉक म्हणतात. आमच्याच फेजमधल्या एका गाडीचं मागच्या पावसाळ्यात हेच झालं. इंजिन उघडायचं बिल लाखाच्या पुढे गेलं आणि विमा कंपनीनं हात वर केले. साध्या पॉलिसीत असं नुकसान सहसा धरत नाहीत, त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट'चा वेगळा हप्ता भरावा लागतो. आणि गाडीत बदल करून विमा कंपनीला कळवलं नसेल, तर तो हप्ता भरूनही वाद व्हायचा तो होतोच. (पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. ढकलत बाहेर काढा. एवढं एक वाक्य वहीत लिहून ठेवा.)

कायद्याचंही थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडी कंपनीच्या मूळ रचनेपासून बदलायला बंधनं आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनं परवानगीशिवायच्या बदलांसाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. शंकूमुळे कोणी तुरुंगात जाईल असं मी म्हणत नाही. पण बॉनेट उघडायला सांगणारा इन्स्पेक्टर समोर उभा असताना 'सर, फक्त हवा जास्त येते' हा युक्तिवाद फार वेळ टिकत नाही. जुन्या डब्यातच, त्याच मापाचा सपाट फिल्टर बदलला तर ही सगळी झंझट टळते.

मित्रानं शेवटी तेच केलं. माझं मत कागदी फिल्टरच्या बाजूनं होतं, काकांचंही. पण ज्याच्या डोक्यात महिनाभर लाल रंग नाचत होता त्याला पूर्ण उपाशी कसं ठेवायचं? साडेपाच हजारांचा सुती पॅनल फिल्टर आला. बसवायला वीस मिनिटं लागली, तीही काकांनी प्रत्येक क्लिपवर भाषण दिल्यामुळे. डबा उघडला, जुना फिल्टर बाहेर काढला आणि सगळे गप्प. तो मुळात पांढरा होता यावर विश्वास बसेना! राखाडी, जड, कोपऱ्यात एक वाळलेलं पान आणि दोन मेलेले किडे. शेवटचा कधी बदलला होता हे मित्राला आठवेना.

'म्हणजे तुझी गाडी पळत नव्हती ती यामुळे का?' वहिनींनी वरून बाल्कनीतून विचारलं. उत्तर द्यायला कोणीच तयार नव्हतं.

तुम्हीही बसवणार असाल तर काही गोष्टी सांभाळा. डबा आतून ओल्या फडक्यानं पुसा, कॉम्प्रेसरची हवा मारू नका, नाहीतर धूळ थेट पुढे जाते. फिल्टरची रबरी कड चारही बाजूंनी खाचेत बसली पाहिजे. एक क्लिप जरी अर्धवट लागली तरी हवा फिल्टरला वळसा घालून आत शिरते आणि मग फिल्टर कितीही भारी असो, फुकट. सुती फिल्टर धुतला तर सावलीत नीट वाळू द्या, ड्रायर नको, आणि तेल बेतानंच लावा. ज्या गाड्यांत हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असतो, त्यांत जास्तीचं तेल त्या सेन्सरच्या तारेवर जाऊन बसतं आणि मग गाडी धक्के खायला लागते, ॲव्हरेज पडतं, चेक इंजिनचा दिवा लागतो. हजारेक किलोमीटर झाले की फिल्टरच्या पुढची नळी काढून आतून पांढऱ्या कापडानं पुसा. कापडावर धूळ दिसली तर कुठेतरी गळती आहे.

मित्राच्या गाडीचे हजार किलोमीटर गेल्या रविवारी भरले. कापड स्वच्छ निघालं. आवाजात फरक पडलाय असं तो छातीठोकपणे सांगतो, मला तो अजून ऐकू आलेला नाही. बावीस हजारांतले साडेसोळा वाचले, जाळी बसली, कबुतरं आता समोरच्या फ्लॅटकडे गेली. उरलेल्या पैशांवर त्याची नजर टायर्सवर आहे. २०१४ च्या गाडीला अजून जुनेच टायर आहेत हे कळल्यावर काकांनी कपाळावर हात मारला. टायर्सचं पुढच्या आठवड्यात.