अजिंठ्यावर कोट्यवधींचा खर्च झाला, मग पर्यटक फर्दापूरला मुक्काम का करत नाहीत?

सकाळी छत्रपती संभाजीनगरहून निघायचं, दुपारपर्यंत लेणी पाहायची आणि रात्रीच्या जेवणाला पुन्हा शहरात. अजिंठ्याची सहल बहुतेकांची अशीच होते. लेणी शहरापासून सुमारे १०० किलोमीटरवर, सोयगाव तालुक्यात आहेत. पण हॉटेल, जेवण आणि खरेदीचा बराचसा पैसा शहरातच खर्च होतो.

२०२० च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राखीगढी, हस्तिनापूर, शिवसागर, धोलावीरा आणि आदिचनल्लूर ही पाच पुरातत्त्वीय स्थळं विकसित करून तिथे संग्रहालयं उभारण्याची घोषणा झाली. अशा गुंतवणुकीतून आडबाजूच्या गावांना रोजगार मिळावा, ही अपेक्षा असते. महाराष्ट्रात हा प्रयोग त्याच्या कितीतरी आधी झालाय.

जपानच्या कर्जातून काय झालं?

अजिंठा-वेरूळ संवर्धन आणि पर्यटन विकास प्रकल्पासाठी जपानकडून दोन टप्प्यांत कर्ज मिळालं. पहिला करार १९९२ चा, दुसरा २००३ चा. दुसऱ्या टप्प्याचं कर्जच ७०० कोटी येनहून अधिक होतं. या प्रकल्पातून लेण्यांच्या संवर्धनाबरोबरच वृक्षलागवड आणि चिकलठाणा विमानतळाचा विस्तार अशी कामं झाली.

काही गोष्टी चांगल्या जमल्या. खासगी गाड्या लेण्यांपासून सुमारे ४ किलोमीटर अलीकडे, फर्दापूर टी-पॉइंटला थांबतात आणि पुढे बसने जावं लागतं. त्यामुळे धूर आणि गर्दी लेण्यांपासून दूर राहिली.

मग अडलं कुठे?

२०१३ मध्ये अजिंठा आणि वेरूळला भव्य अभ्यागत केंद्रं सुरू झाली. अजिंठ्याच्या केंद्रात १, २, १६ आणि १७ क्रमांकाच्या लेण्यांच्या प्रतिकृती आहेत. पर्यटकांनी इथे निवांत वेळ घालवावा आणि मूळ चित्रांवरचा ताण कमी व्हावा, हा हेतू होता. पण काही वर्षांतच थकलेल्या वीज-पाणी बिलांमुळे केंद्रांना टाळं लागलं. इमारतीसाठी कर्ज मिळालं, ती रोज चालवण्यासाठी पैशांची सोय झाली नाही.

त्यातच संभाजीनगर-अजिंठा रस्त्याचं रुंदीकरण वर्षानुवर्षं रखडलं. खड्ड्यांतून तासन् तास प्रवास करून कोण येणार? त्याचा फटका टी-पॉइंटवरचे दुकानदार, गाइड आणि हॉटेलवाल्यांना बसला.

आणखी एक अडचण म्हणजे इथे मालक अनेक आहेत. लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, अभ्यागत केंद्र राज्याच्या पर्यटन महामंडळाकडे, बस एसटीच्या. भारतीय पर्यटकाचं ४० आणि परदेशी पर्यटकाचं ६०० रुपयांचं लेण्यांचं तिकीट थेट केंद्राच्या तिजोरीत जातं. पर्यटक वाढले म्हणून फर्दापूर ग्रामपंचायतीच्या हाती त्या तिकिटातून काही पडत नाही.

पाँपेईने काय वेगळं केलं?

इटलीतल्या पाँपेईची अवस्थाही एकेकाळी वाईट होती. २०१० मध्ये तिथली एक प्राचीन वास्तू कोसळली आणि सरकारवर जगभरातून टीका झाली. त्यानंतर युरोपीय संघाच्या मदतीने सुमारे साडेदहा कोटी युरोंचा प्रकल्प आला. त्यात भिंती सावरणं, पाण्याचा निचरा अशा न दिसणाऱ्या कामांवरही भर होता. शिवाय या स्थळाला स्वायत्तता मिळाली. तिकिटाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा तिथेच राहतो आणि देखभालीला वापरता येतो.

२०२४ मध्ये तिथे ४० लाखांहून अधिक पर्यटक आले. मग नोव्हेंबरपासून दिवसाला २० हजारांची मर्यादा घातली गेली. ओप्लोंटिस, स्टॅबिए, बॉस्कोरेआले या शेजारच्या कमी गर्दीच्या स्थळांसाठी बसही आहे. म्हणजे गर्दी आधी मोजली आणि मग ती वळवायची वाटही तयार केली.

पुढे काय पाहायचं?

पाँपेई नेपल्सपासून रेल्वेने तासाभराच्याही आत आहे, अजिंठ्याचं तसं नाही. त्यामुळे तिथली योजना इथे जशीच्या तशी चालणार नाही. पण नव्या स्थळासाठी निधी जाहीर झाला की तीन गोष्टी जरूर विचाराव्यात. दहा वर्षांनी तिथलं वीजबिल कोण भरणार? तिकिटातला किती पैसा त्या तालुक्यात राहणार? आणि तिथवरचा रस्ता उद्घाटनाआधी पूर्ण होणार का?