बाकावरच्या बाई

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे दिवस आणि सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस आपल्या वाशीम जिल्ह्यात साधारण एकत्रच येतात. घरात प्रत्येक हात कामाला हवा असतो आणि नेमकं तेव्हाच कॉलेजातली मुलगी सांगते, ‘आई, बास्केटबॉलच्या टीममध्ये नाव लागलं. मॅचेस अमरावतीला आहेत, दोन दिवस राहावं लागेल.’ बाप कपाळाला आठ्या घालून जो प्रश्न विचारतो, तो खेळाचा नसतो आणि सोंगणीचाही नसतो. ‘संग कोन हाय? एखांदी मॅडम हाय का?’

मॅडम असली तर मुलगी जाते. नुसते सर असले तर मुलीच्या बॅगेची चेन अर्ध्यावरच थांबते. बास्केटबॉलच्या संघात बारा जणींना घेता येतं, मैदानावर पाच लागतात. पण अशा दोन-तीन बॅगा घरीच राहिल्या, तर पाचाचीही मारामार होते. मग ‘आमच्याकडच्या मुलींना खेळाची आवडच नाही’ असं म्हणायला सगळे मोकळे!

ही मॅडम कोण असते, याचा कधी विचार केलाय? महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालकाचं पद एकच असतं आणि आपल्याकडे त्या खुर्चीत बहुतेक वेळा पुरुषच दिसतात. क्रिकेटपासून कुस्तीपर्यंत सगळं त्यांच्याच अंगावर. मुलींचा संघ बाहेरगावी निघाला की मराठीच्या नाही तर गृहअर्थशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापिकेला विनंती केली जाते. त्या बिचाऱ्या मंगरूळपीर, कारंजा करत एसटीने मुलींबरोबर जातात, पर्स मांडीवर घेऊन बाकावर बसतात, मुलींचे मोबाईल आणि कानातले सांभाळतात. त्यांचा यात काही दोष नाही. त्या आहेत म्हणून संघ निघतो. पण समोर कोणाचा चौथा फाऊल झाला, आपला टाइम-आउट शिल्लक आहे की संपला, हे त्यांनी कुठून सांगावं?

हे सांगणारी जी व्यक्ती असते, तिला सहाय्यक प्रशिक्षक म्हणतात. नावात ‘सहाय्यक’ आहे म्हणून आपण ते दुय्यम समजतो. खेळाचे नियम तसं समजत नाहीत. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार टाइम-आउट मागण्याचा हक्क दोघांनाच असतो, मुख्य प्रशिक्षकाला आणि पहिल्या सहाय्यकाला. मुख्य प्रशिक्षक काही कारणाने बाहेर गेला, तर संघ तिच्या हाती येतो. एरवी समोरच्या संघाचा अभ्यास करणं, कोणती मुलगी कुठून बॉल टाकते याची टिपणं ठेवणं, सरावाआधी अंग मोकळं करून घेणं, बाहेर बसवलेल्या मुलीच्या शेजारी जाऊन बसणं ही कामं तिची. शेवटचं काम मला सगळ्यात मोठं वाटतं. मुख्य प्रशिक्षक रागावतो ते संघाला ऐकू येतं. सहाय्यक जे समजावते ते त्या एकीलाच.

आणि मुलींच्या संघात तिचं काम आणखी वाढतं. उडी मारून खाली येताना गुडघ्याचा स्नायुबंध फाटण्याची दुखापत मुलींमध्ये मुलांपेक्षा कितीतरी अधिक आढळते. गुडघे वाकवून, दोन्ही पायांवर भार घेऊन उतरायला शिकवलं तर ती बरीच टळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे दहा मिनिटांच्या चार डावांत धापा टाकणारी मुलगी आळशी आहे की तिचं हिमोग्लोबिन कमी आहे, हे ओळखणारं कोणी तरी हवं. पाळीच्या दिवसांत सराव किती करायचा, हे मुलगी सरांना विचारणार आहे का? पोट दुखतंय एवढंच सांगून ती घरी जाते आणि हळूहळू यायचीच बंद होते.

बास्केटबॉल हा मुळात कॉलेजातच जन्मलेला खेळ. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ यांनी तो सुरू केला आणि दुसऱ्याच वर्षी जवळच्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो मुलींना शिकवला. तिथून पुढे मुलींच्या खेळाची सगळी उभारणी अशा बायकांनीच केली. टेनेसी विद्यापीठाच्या पॅट समिट यांची गोष्ट तर आपल्याकडच्या प्रत्येक शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थिनीला माहीत असायला हवी. १९७४ मध्ये त्या शिकता शिकता मदतनीस म्हणून काम करायला गेल्या होत्या. मुख्य प्रशिक्षक निघून गेल्या आणि बावीस वर्षांच्या या मुलीवर संघ येऊन पडला. पगार महिना २५० डॉलर. संघाची गाडी त्या चालवायच्या, गणवेश त्याच धुवायच्या. तिथून ३८ हंगामांत १०९८ विजय आणि आठ राष्ट्रीय विजेतेपदं झाली.

उलट कनेक्टिकटच्या ख्रिस डेली १९८५ पासून जिनो ऑरिएमा यांच्या शेजारीच आहेत. संघाने डझनभर विजेतेपदं मिळवली, जिनोंचं नाव जगभर झालं, डेली मात्र मुख्य प्रशिक्षक न होताच २०१८ मध्ये महिला बास्केटबॉलच्या मानाच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये गेल्या. दुसऱ्या खुर्चीवर बसूनही पूर्ण आयुष्याचं करिअर होऊ शकतं, ते असं.

तिथे सगळंच गोड आहे असं मात्र नाही. १९७२ मध्ये अमेरिकेत शिक्षणसंस्थांमधला स्त्री-पुरुष भेद बंद करणारा कायदा झाला. मुलींच्या खेळाकडे पैसा वळला, प्रशिक्षकांना बरे पगार मिळू लागले. आणि मग काय झालं? त्याआधी मुलींच्या संघांना शिकवणाऱ्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. पुढे ते प्रमाण चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांवर आलं. फुकट गणवेश धुवायचे होते तोवर बाई चालली, पगार आला तसे पुरुष आले. हे वाचताना आपल्या इथल्या किती गोष्टी आठवतात!

आपल्या देशातली एक मुलगी ही अमेरिकेतली खुर्ची बघून आली आहे. दिव्या सिंग, वाराणसीची. पाच बहिणींपैकी एक. त्यातल्या चौघी भारताच्या संघातून खेळल्या. वाराणसी हे काही बास्केटबॉलचं गाव नव्हे आणि मुली अर्ध्या पँटीत मैदानावर उतरतात यावर तिथेही लोक बोलतच असणार. दिव्या २००६ च्या मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारतीय महिला संघाची कप्तान होती. एवढं झाल्यावर आपल्याकडे खेळाडूचं काय होतं? रेल्वेत नोकरी, लग्न, कपाटात पदकं. दिव्या २००८ मध्ये डेलावेअर विद्यापीठात क्रीडा व्यवस्थापन शिकायला गेली आणि तिथल्या महिला संघाची सहाय्यक प्रशिक्षक झाली. पुढे रिओ ऑलिंपिकचं सुवर्णपदक मिळवणारी एलेना डेले डॉन याच विद्यापीठाच्या संघात घडली. परत आल्यावर २०११ मध्ये दिव्याने सोळा वर्षांखालील मुलग्यांच्या भारतीय संघाला शिकवलं. हो, मुलग्यांच्या! २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत ती भारतीय महिला संघाची सहाय्यक प्रशिक्षक होती. शिकवणं हे खेळून संपलेल्यांचं उरलंसुरलं काम नाही, त्याचं वेगळं शिक्षण असतं, हे तिच्या प्रवासातून दिसतं.

आपल्या मराठी बायकाही या बाबतीत मागे नाहीत, फक्त त्यांना ओळखायला आपल्याला उशीर होतो. नाशिकच्या शैलजा जैन यांनी कबड्डीत आयुष्य घातलं. भारतीय संघाची जबाबदारी काही मिळाली नाही, तेव्हा त्यांनी इराणचं बोलावणं स्वीकारलं. तिथे जाऊन फारसी शिकल्या, मुलींना योगासनं, प्राणायाम शिकवला. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इराणच्या मुलींनी भारताला २७-२४ असं हरवलं आणि मग आपण विचारू लागलो, की ह्या बाई कोण! नेमबाज दीपाली देशपांडे २००४ चं अथेन्स ऑलिंपिक खेळल्या, मग शिकवू लागल्या. स्वप्नील कुसाळेला २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळालं आणि त्यानंतर दीपालीताईंना द्रोणाचार्य पुरस्कार. वर्षानुवर्षं रेंजवर मागे उभं राहिल्यावर.

ही झाली मोठ्या स्पर्धांची उदाहरणं. वाशीमला याचं काय, असं कोणी विचारील. तर ऐका. जून २०२२ मध्ये, परदेशी सरावाला गेलेल्या एका सायकलपटू मुलीने प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार केल्यावर, भारतीय क्रीडा प्राधिकरणाने नियम काढला की संघात महिला खेळाडू असतील तर शिबिराला, दौऱ्याला महिला प्रशिक्षक सोबत असलीच पाहिजे. तो नियम राष्ट्रीय क्रीडा संघटनांसाठी आहे. २०२३ मध्ये दिल्लीच्या जंतरमंतरवर बसलेल्या कुस्तीगीर मुली आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिल्या. त्यानंतर ‘एखांदी मॅडम हाय का?’ असं विचारणाऱ्या बापाला मागासलेला म्हणायची माझी तरी हिंमत नाही. देशाला जे कागदावर आणायला २०२२ साल उजाडलं, ते तो केव्हाचा विचारतोय.

१९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला आपला जिल्हा. २०१८ मध्ये नीती आयोगाने त्याला ‘आकांक्षित’ जिल्ह्यांच्या यादीत घातलं. आरोग्य, शिक्षण, शेती-पाणी, कौशल्य, रस्ते-वीज या सगळ्यांत गुण मोजले जातात, खेळ त्यात नाही. असो. पण शारीरिक शिक्षणाची जुनी परंपरा आपल्यापासून लांब नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. त्याच मंडळाच्या चमूने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीची प्रात्यक्षिकं दाखवली होती. आज तिथे बी.पी.एड. करता येतं. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकाचा पूर्ण वर्षाचा डिप्लोमा आहे आणि ज्यांना घर सोडून वर्षभर जाणं जमत नाही त्यांच्यासाठी सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्सही असतो. म्हणजे शिकायची वाट आहे. शिकून आल्यावर उभं राहायला पायरी नाही, अडचण तिथे आहे. विद्यापीठाचा रंग मिळवलेली, बी.पी.एड. झालेली मुलगी एखाद्या इंग्रजी शाळेत पी.टी. टीचर होते, गॅदरिंगची लेझीम बसवते, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आणते. मग स्थळ येतं.

पायरी मोठी हवी असंही नाही. नवं पद मंजूर व्हायला मंत्रालयापर्यंत फाइल जाईल, त्याची वाट पाहण्यात दोन पिढ्या जातील. पण विषयाच्या तासिका घ्यायला तासिका तत्त्वावर माणसं नेमता येतात, तर जुलै ते डिसेंबर संध्याकाळचे दोन तास मुलींच्या संघाला मानधनावर एक सहाय्यक प्रशिक्षक का नाही? एका कॉलेजला परवडत नसेल तर रिसोड, मालेगाव, मानोरा अशा शेजारच्या तालुक्यांतल्या दोन-तीन कॉलेजांनी मिळून ठेवावी. तिच्या नावापुढे ‘सोबत जाणाऱ्या मॅडम’ न लिहिता ‘सहाय्यक प्रशिक्षक’ लिहावं, अनुभवाचं प्रमाणपत्र द्यावं. पुढे क्रीडा खात्यात मार्गदर्शकाची जागा निघाली तर अर्जाला जोडायला तिच्याकडे काहीतरी असेल. आणि ती लग्न होऊन याच जिल्ह्यात राहिली तर सासरच्या गावातल्या कॉलेजात तेच काम करू शकेल, हा हिशेबही सासू-सुनेने मिळून करायला हरकत नाही.

पैसा कुठून आणायचा, असा प्रश्न येईलच. प्रवेशाच्या वेळी जी पावती मिळते, तिच्यावर जिमखाना किंवा क्रीडा शुल्क म्हणून एक रक्कम छापलेली असते. ती आपल्या मुलीही भरतात. जूनमध्ये लेकीचं ॲडमिशन करायला जाल तेव्हा त्या ओळीवर बोट ठेवा आणि ऑफिसातच विचारा, यातले मुलींच्या टीमवर किती, आणि त्यांच्याबरोबर जाणाऱ्या बाईंच्या तिकिटाचे किती?