मोफत प्रणाली घरात रुळेल कशी?

सरकारी रुग्णालयात औषध मोफत मिळते. तरीही कित्येकदा ते घरी डब्यात तसेच पडून राहते. दोष गोळीत नसतो. ती कधी आणि कशी घ्यायची, हे रुग्णाला त्याच्या भाषेत कुणी सांगितलेले नसते. ‘लिनक्स’ या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमचे घरगुती संगणकांवर नेमके हेच झाले आहे.

हा विषय आरोग्याच्या सदरात कशासाठी? ‘विंडोज १०’ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. सातबारा, वीजबिल, मुलांचे प्रवेश अर्ज यांसाठी घेतलेले अनेक जुने संगणक ‘विंडोज ११’च्या अटींत बसत नाहीत. सुरक्षा सुधारणा न मिळणारा संगणक म्हणजे लस चुकलेले मूल. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांतील हजारो रुग्णांच्या भेटी रद्द करायला लावल्या. त्यावरची सुधारणा दोन महिने आधीच निघाली होती. ती अनेक संगणकांवर चढवलेलीच नव्हती. बरे, संगणक भंगारात टाकावा, तर त्यातील शिसे हवा-मातीत मिसळून लहान मुलांच्या मेंदूवर घाला घालते.

अशा संगणकाला लिनक्स आणखी काही वर्षांचे आयुष्य देऊ शकते. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेली ही प्रणाली आपल्याला परकीही नाही. अँड्रॉइड फोनच्या गाभ्यात तीच आहे. फोनवर ती आजीलाही जमते, कारण फोन दुकानातूनच तयार येतो, चित्रे मोठी असतात, मराठी सहज निवडता येते. संगणकावर मात्र ‘स्वतः चढवा, अडले तर शोधा’ असा खाक्या!

तिथेच सुधारणा हवी. स्वयंसेवकांनी मेनू मराठीत आणले, हे मोठे काम; पण त्यातले शब्द बोलीतले हवेत. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले अर्ज युनिकोडमध्ये सहज बदलता यावेत. प्रिंटर जोडताच चालावा. चाळिशीनंतर जवळचे अंधूक दिसते, म्हणून मोठी अक्षरे आणि ठळक रंग पहिल्याच पडद्यावर निवडता यावेत. आणि प्रत्येक बदल निष्णात तरुणाने नव्हे, तर निवृत्त शिक्षकाने, गृहिणीने वापरून पाहिलेला असावा. औषधाची चाचणीही शेवटी रुग्णांवरच होते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विचारायला माणूस हवा. केरळने शाळांत लिनक्स आणले, तेव्हा शिक्षकांना प्रशिक्षणही दिले. आपल्या महाविद्यालयांतील संगणकाच्या विद्यार्थ्यांनी महिन्यातून एक शनिवार असे शिबिर का घेऊ नये? आधी फोटो आणि कागदपत्रांची प्रत वेगळी ठेवावी. मग पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहता येते. मूळ प्रणालीला हात लावावा लागत नाही. पटले तरच कायम बसवावे.

१९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच खेड्यात भरले, ते आपल्या फैजपुरात. खेड्यातल्या माणसाने शहरात यावे, याऐवजी अधिवेशनच त्याच्याकडे आले. मोफत प्रणाली घडवणाऱ्यांनीही आता हीच वाट धरावी.