समतेचा कैवारी आणि बहिणीची सही

निवडणूक आली कीं आमच्या गांवोगांव एक नवा संत अवतरतो. एरवीं मोटारीची कांच खालीं न करणारा हा पुरुष आठ-पंधरा दिवस पायीं हिंडतो, म्हातारीच्या पायां पडतो, शेंबडें पोर कडेवर घेतो, आणि व्यासपीठावर चढला कीं फुले, शाहू, आंबेडकर हीं तीन नांवें एका दमांत घेऊन आपण समतेचे पाईक असल्याची द्वाही फिरवितो. मतदान आटोपतें, गुलाल उडतो, आणि गरज सरते तसा वैद्यही मरतो. ती समता कोठें गेली म्हणून विचारावें, तर पुढच्या निवडणुकीपर्यंत तिचा पत्ता लागत नाहीं.

नवी मुंबईंत हा सोहळा १५ जानेवारी २०२६ रोजीं होऊन गेला. महापालिकेची मुदत २०२० सालींच संपली होती. पांच वर्षांवर कारभार प्रशासकाच्या हातीं राहिला. तेव्हां १११ जागांसाठीं उमेदवारांची झुंबड उडाली यांत नवल नाहीं. मतें मोजलीं गेलीं तीं दुसऱ्या दिवशीं, १६ जानेवारीला. ही तारीख कोणती, हें येथल्या शेतकऱ्याला पंचांग उघडून पाहावें लागत नाहीं. १९८४ सालीं याच १६ जानेवारीला आणि दुसऱ्या दिवशीं १७ ला, खाडीपलीकडे उरण तालुक्यांत, दास्तान फाट्यावर व नवघर फाट्यावर, जमिनीचा रास्त मोबदला मागणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांनीं गोळ्या झाडल्या. पांच माणसें गेलीं. ज्या दिवशीं त्या पांचांना फुलें वाहावयाचीं, त्याच दिवशीं विजयी उमेदवारांच्या गळ्यांत हार पडले. हा योगायोग असेल. पण हिशेब विचारावयास याहून योग्य दिवस नाहीं.

नवी मुंबई रिकाम्या जागेवर वसली असें जे समजतात त्यांच्यासाठीं दोन शब्द. १७ मार्च १९७० रोजीं सिडको स्थापन झाली, आणि ठाणें, पनवेल व उरण या तीन तालुक्यांतल्या ९५ गांवांच्या जमिनी नव्या शहरासाठीं घेण्याचें ठरलें. भाताचीं खाचरें गेलीं, मिठागरें गेलीं. या गांवांच्या लढ्याचे पुढारी जासईचे दिनकर बाळू पाटील. लोक त्यांना दि. बा. म्हणत. ते वकील, शेतकरी कामगार पक्षाचे, पनवेलचे पांच वेळां आमदार, १९७७ व १९८४ सालीं लोकसभेवर निवडून गेलेले. २०१३ सालीं ते वारले. त्यांच्या लढ्याचें व त्या पांच हुतात्म्यांच्या रक्ताचें फळ म्हणून १९९० सालीं साडेबारा टक्क्यांची योजना आली. गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकाला परत मिळावी, ही ती योजना.

आज दि. बां.चें नांव न घेणारा उमेदवार या भागांत सांपडणार नाहीं. विमानतळाला त्यांचें नांव द्यावें म्हणून २०२१ सालीं हजारों लोक रस्त्यावर उतरले. २०२२ सालीं विधिमंडळानें तसा ठराव केला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं विमानतळाचें उद्घाटन झालें तेव्हां मात्र तें नांव लागलेलें नव्हतें. नांव द्यावें, अवश्य द्यावें. त्या मागणीशीं आमचें भांडण नाहीं. आमचें भांडण आहे तें नांवाच्या आड लपणाऱ्यांशीं. पाटी लावणें सोपें असतें. पाटीवर ज्याचें नांव, त्याच्या लढ्याचें तत्त्व घरांत आणि गांवांत पाळणें कठीण असतें.

ठराव वेगळा आणि वागणूक वेगळी, हें आमच्या या जुन्या कुलाबा जिल्ह्यानें एकदां चांगलें पाहिलें आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं सीताराम केशव बोले यांनीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत ठराव मंजूर करून घेतला कीं सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावे. महाडच्या नगरपालिकेनें पुढल्याच वर्षीं आपलेंही तळें खुलें केल्याचा ठराव केला. झालें! कागदावर तळें खुलें, आणि पाण्याशीं जावयाची छाती कोणाला नाहीं. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारों लोकांसह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, तेव्हां त्या ठरावांत जीव आला. आणि त्याच दिवशीं त्या लोकांनीं मारही खाल्ला.

भूमिका कशाला म्हणतात तें पाहावयाचें असेल तर त्याच बाबासाहेबांचें पुढचें चरित्र पाहा. १७ सप्टेंबर १९३७ रोजीं त्यांनीं मुंबईच्या असेंब्लींत खोती नष्ट करण्याचें बिल आणलें. १० जानेवारी १९३८ ला कोंकणचे शेतकरी त्यांच्यासह कौन्सिल हॉलवर चालून गेले. त्या मोर्च्यांत कुणबी आणि महार एका रांगेंत होते. पुढें देशाचे कायदेमंत्री असतां हिंदु कोड बिल रखडलें, तेव्हां १९५१ सालीं त्यांनीं मंत्रिपद सोडलें. सोडण्याच्या कारणांत हें एक मोठें कारण होतें. लगेच पुढें आलेल्या लोकसभेच्या निवडणुकींत मुंबईंत ते हरले. मुलीला वारसा मिळावा म्हणून ज्यानें खुर्ची सोडली, त्याचें नांव घेऊन मत मागावयाचें आणि स्वतःच्या बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घ्यावयाची, हा धंदा आतां पुरे झाला.

होय, आम्ही येथें थेट मुद्द्यावर येतों. समतेची गोष्ट सांगणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला तीन प्रश्न विचारावे.

पहिला प्रश्न बहिणीचा. एक एकर, म्हणजे चाळीस गुंठे, जमीन गेली असें धरा. साडेबारा टक्के म्हणजे पांच गुंठे. त्यांतून सार्वजनिक सोयींसाठीं दीड गुंठा वजा जातो. हातीं येतात साडेतीन गुंठे. त्यासाठीं वारसदाखला लागतो, आणि त्यांत मुलींचीं नांवें येतात. मग सासरीं गेलेल्या बहिणीला एकाएकीं निरोप जातो. साडी येते, जेवण होतें, आणि जेवणानंतर कागद पुढें येतो. "बाय, येथें एक सही कर. माहेर तुटायला नको ना?" बहीण सही करते. तिला ठाऊक असतें कीं सही न केली तर गौरी-गणपतीला बोलावणें येणार नाहीं.

कायदा काय म्हणतो? मुलीला बापाच्या मिळकतीचा वारसा १९५६ सालीं आला. वडिलोपार्जित एकत्र मिळकतींत अविवाहित मुलींना मुलाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्रानें १९९४ सालीं दिला, आणि सर्व मुलींना तो सबंध देशांत २००५ सालीं मिळाला. ११ ऑगस्ट २०२० रोजीं सुप्रीम कोर्टानें सांगितलें कीं २००५ पूर्वीं बाप वारला असला तरी मुलीचा तो हक्क बुडत नाहीं. पूर्वीं रीतसर नोंदलेल्या वांटण्यांची गोष्ट वेगळी. म्हणजे जी सही घेतली जाते ती कायद्याला बगल देण्यासाठींच घेतली जाते.

उमेदवार अर्ज भरतांना प्रतिज्ञापत्र करतो. त्यांत सोनें किती तोळे, मोटारी किती, फ्लॅट किती, खटले किती, सर्व लिहावें लागतें. बहिणीला वांटा दिला कीं नाहीं याचा रकाना मात्र त्यांत नाहीं. सरकारनें तो रकाना ठेवला नाहीं, तर तुम्हीं आम्हीं ठेवावा. दारीं येऊन हात जोडणाऱ्याला बायांनीं हसतमुखानें विचारावें, "शेठ, तुमच्या बहिणींचीं नांवें कोणत्या प्लॉटवर आहेत?" आज महापालिकेंत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. त्या जागेवर बायकोला उभी करून स्वतः कारभार हांकणाऱ्याला तर हा प्रश्न दोनदां विचारावा.

दुसरा प्रश्न गांवकीचा. गांवकी ही चांगली गोष्ट आहे. लग्नकार्यांत, मरणांत, लढ्यांत ती उपयोगी पडते. पण हीच गांवकी ज्याला वाळीत टाकते त्याला दुकानांत मीठ मिळत नाहीं, प्रेताला खांदा मिळत नाहीं, मुलाशीं कोणी खेळत नाहीं. रायगड जिल्ह्यांतून अशा तक्रारी पुष्कळ आल्या. या प्रकाराला आळा घालण्यासाठीं महाराष्ट्रानें २०१६ सालीं सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला, आणि तो २०१७ च्या जुलैपासून अमलांत आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी त्यांत शिक्षा आहे. आतां सांगा, या कायद्याचें नांव भाषणांत घेणारा उमेदवार तुम्हीं कधीं पाहिला काय? तो घेणार नाहीं. कारण साधें आहे. शंभर घरें हिंडण्यापेक्षां दहा पंचांना वश करणें सोपें. गांवकीनें एकदां ठरविलें कीं सगळें गांव एका बटणावर बोट ठेवतें. ज्याच्या हातीं वाळीत टाकण्याचा दोर, त्याच्याच हातीं मतांची मोट! तो दोर उमेदवार कसा कापील? म्हणून विचारावें, "गांवानें वाळीत टाकलेल्या माणसाच्या घरीं तुम्हीं चहा प्यायला याल काय? आज, आतां, आमच्यादेखत?"

तिसरा प्रश्न सातबारा नसलेल्यांचा. साडेबारा टक्क्यांचा हिशेब जमिनीवर बसतो. ज्याच्या नांवावर जितकी जमीन, तितका त्याचा वांटा. पण मिठागरांत पाय कुजवून घेणारा मजूर, नांगर घडणारा सुतार, खाडींत जाळें टाकणारा कोळी, माळावर झोपडी घालून राहिलेला कातकरी यांचें काय? त्यांच्या नांवावर सातबारा नव्हता. मात्र त्यांचें पोट त्याच जमिनीवर आणि त्याच पाण्यावर होतें. जमीन गेली तेव्हां मालकाचा धनी बदलला, यांचा तर घासच गेला. उमेदवार भूमिपुत्रांचा जयजयकार करतो. आमचा सवाल असा कीं भूमीचा पुत्र कोण? जो तिच्यावर राबला तो, कीं ज्याचें नांव तलाठ्याच्या वहींत होतें तो?

याच कुलाबा जिल्ह्यांत चरी गांवीं १९३३ पासून १९३९ पर्यंत नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखालीं कुळांनीं शेतें ओसाड ठेवून संप केला. खोताच्या कागदावर त्या कुळांचा हक्क कोठें होता? तरीही राबणाऱ्याचा हक्क आहे असें म्हणून ते उपाशी लढले, आणि कूळकायद्याला वाट झाली. त्याच कुळांचे नातू आज मालक होऊन, कातकऱ्याला "तुझा कागद दाखव" म्हणून विचारूं लागले, तर खोत मेला कोठें? तो आमच्याच घरांत येऊन बसला म्हणावयाचें.

आतां कोणी शहाणा म्हणेल, "हे घरचे प्रश्न चव्हाट्यावर आणूं नका. अशानें प्रकल्पग्रस्तांची एकी फुटेल, आणि सिडकोचें फावेल." हें आम्हीं फार दिवस ऐकत आलों. १९८४ च्या आंदोलनांत बाया मोठ्या संख्येनें रस्त्यावर उतरल्या होत्या. त्या वेळीं एकीसाठीं बहीण चालली. वांटपाच्या वेळीं तीच परक्या घरची झाली! ही एकी नव्हे, हा बनाव आहे. ज्या एकींत निम्मीं माणसें सही करावयापुरतीं आणि उरलेल्यांतलीं निम्मीं घोषणा देण्यापुरतीं, ती एकी पहिल्याच दलालाच्या पैशानें फुटते. खरी एकी वांट्यानें टिकते.

दुसरा कोणी म्हणेल, "साडेतीन गुंठे पांच भावंडांत वांटले तर प्रत्येकाला पाऊण गुंठाही येत नाहीं." खरें आहे. पण तोच साडेतीन गुंठ्यांचा प्लॉट बिल्डरला दिला कीं त्यावर इमारत चढते, फ्लॅट येतात, दुकानें येतात. तेव्हां भावाला गणित बरोबर जमतें, फक्त बहिणीपाशीं आल्यावर भागाकार चुकतो.

आणि बंधूंनो, सगळा दोष उमेदवाराच्या माथीं मारून आपण मोकळें होऊं नये. आडांतच नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार? तो उमेदवार आमच्याच आळींतला, आमच्याच लग्नांत नाचलेला आहे. आम्ही बहिणीची सही घेतों म्हणून तोही घेतो. आम्ही वाळीत टाकतों म्हणून तो गप्प बसतो. एके काळीं शेतसारा भरणाऱ्यांसारख्या थोड्यांनाच मत होतें. बहुतेक कारागिरांना नव्हतें, मजुरांना नव्हतें. संविधानानें तें सर्वांना सारखें दिलें. तें बाटलीवर, पाकिटावर किंवा पंचांच्या हुकमावर विकणारा माणूस कोणत्या तोंडानें समता मागणार?

निवडणूक झाली, पुन्हा येईलच. तोंवर वाट पाहण्याचें कारण नाहीं. जो निवडून आला तो आतां तुमच्या खर्चानें खुर्चीवर बसला आहे. त्याला हे तीन प्रश्न आतांच विचारा, चारचौघांत विचारा. मात्र त्याआधीं एक काम घरीं करा. कपाटांतलें तें हक्कसोडपत्र काढा आणि त्यावर सही कोणाची आहे तें वाचा. बहिणीला बोलावा, या वेळीं साडीसाठीं नव्हे, हिशेबासाठीं. ज्याच्या घरांत हा हिशेब पुरा झाला, त्याचा आवाज सभेंत आपोआप चढेल. मग उमेदवार समतेचें नांव घेण्यापूर्वीं दोनदां विचार करील.