आकडा सापडला, पण रेघ कोण ओढणार?

घरकुलाची यादी ग्रामसभेत वाचली जाते तेव्हा काय होते, हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. माडीवाल्याचे नाव यादीत असते, पालातल्याचे नसते. दिसते सगळ्यांना. पण ‘याचे नाव कमी करा’ म्हणायला कोणी उठत नाही. सरपंच गप्प, ग्रामसेवकही गप्प. गावात राहून वैर कोण घेणार?

सरकारचेही असेच असते. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेचे ग्रामीण आकडे जुलै २०१५ मध्ये जाहीर झाले. सुमारे १७.९ कोटी ग्रामीण कुटुंबांपैकी ५६ टक्के भूमिहीन. जवळपास ७५ टक्के घरांत सर्वांत जास्त कमावणाऱ्याची मिळकतही महिना ५००० रुपयांच्या आत. घरकुलाच्या याद्या पुढे याच गणनेवरून निघाल्या. म्हणजे पुरावा सरकारदरबारी होताच.

तरी २०१९ मध्ये पीएम किसान योजना आली ती सातबाऱ्यावर. वर्षाला ६००० रुपये. सुरुवातीला दोन हेक्टरांची अट होती. लोकसभेचा निकाल लागल्यावर मे महिनाअखेर तीही उठली. प्राप्तिकर भरणारे, सरकारी नोकर वगळले. पण बाकी दोन एकरवाल्याला जेवढे, तेवढेच वीस एकरवाल्याला. नावावर जमीन नसलेल्या मजुराला आणि बटाईदाराला मात्र काही नाही.

असे का? अधिकारी म्हणतील, जमिनीची नोंद तयार असते, मजुराच्या मिळकतीचा कागद कुठून आणायचा? हे खोटे नाही, पण अर्धेच खरे आहे. अट घातली की जो वगळला जातो तो लगेच ओरडतो, आणि त्याची ओरड मुंबई-दिल्लीपर्यंत पोहोचते. ज्याला कधी मिळालेच नाही, त्याला आपले काय गेले हेही कळत नाही. ग्रामसभेच्या दिवशी तो बहुधा दुसऱ्याच्या रानात असतो. मग सरकार सोपा रस्ता धरते. सर्वांना थोडे वाटले की कोणी नाराज होत नाही, आणि तफावत होती तिथेच राहते.

दोष एकट्या सरकारचा नाही. दोन हजारांचा हप्ता आपल्याही खात्यावर येतो, म्हणून आपणही बोलत नाही. पुढच्या ग्रामसभेत यादी वाचली जाईल तेव्हा एवढेच विचारा : आज कामावर गेलेल्यांची नावे यात आहेत का? हा प्रश्न गावात विचारला जात नाही, तोवर दिल्लीत कोण विचारणार?